मासळीच्या चटईवर वाळलेला नमुना

डॉ. कुमुद राऊत यांचं गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी वसईतल्या एका रुग्णालयात मेंदूतल्या रक्तस्रावाने निधन झालं. वय त्रेचाळीस. त्या बुरशीशास्त्रज्ञ होत्या, वसईतल्या एका महाविद्यालयात शिकवत होत्या आणि गिरीजला केळीच्या वाडीतल्या घरात आई आणि थोरल्या भावाच्या कुटुंबाबरोबर राहत होत्या. भाऊ प्रभाकर यांनी रुग्णालयातून घरी परतल्यावर मला फोन केला. 'कुमुद गेली,' एवढंच ते म्हणाले. मग फोन तसाच धरून त्यांनी कुणाला तरी पंप बंद करायला सांगितलेलं ऐकू आलं... केळीला पाणी सोडलेलं होतं.

कुमुद माझी मावसबहीण, माझ्याहून वर्षाने धाकटी. तिच्याबद्दल घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी बऱ्याचशा वाढवलेल्या आहेत. पावाची गोष्ट मात्र खरी आहे, कारण त्या सुट्टीत मी गिरीजलाच होतो. शाळेत असताना तिने पावाच्या तुकड्यांवर पाणी शिंपडलं आणि ते चार काचेच्या ग्लासांखाली झाकून ठेवले. एक चुलीजवळ, एक विहिरीच्या कठड्यावर, एक पलंगाखाली आणि एक देवघराच्या कोनाड्यात. बुरशी आधी कुठे येते, ते तिला पाहायचं होतं. देवघरातला हिरवा झालेला तुकडा मावशीच्या हाती लागला आणि कुमुदला मार बसला. तिची तक्रार माराबद्दल नव्हती. एक ग्लास काढून टाकल्यावर उरलेल्या तिन्हींचा काय उपयोग, असं ती आईला रडत रडत विचारत होती. मावशी म्हणाली, उरलेले तीनही आण, तेही टाकते. चुलीजवळचा कोरडाच राहिला होता, हे कुमुदने मला त्यानंतर गुपचूप सांगितलं.

वसईत पदवी घेऊन ती मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत डॉक्टरेटसाठी दाखल झाली. मार्गदर्शक होते डॉ. सबनीस. मूळचे साताऱ्याकडचे, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी ओळखण्यात वाकबगार, बोलायला तिखट आणि पक्के शाकाहारी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गिरीज आणि आसपासच्या वाड्यांमध्ये वेलची केळीवर मर रोग पसरत होता. खालची पानं पिवळी पडतात, देठात मोडतात आणि खोडाभोवती लोंबत राहतात. खोड चिरलं तर आत तांबूस रेघा दिसतात. मातीतली एक बुरशी मुळांतून शिरते आणि झाडाचा पाणी वाहून नेणारा मार्ग बंद करते. त्यावर औषध नाही. केळीच्या कंदाला फुटणाऱ्या पिल्लांना मुनवे म्हणतात. नवी बाग त्यांच्यापासूनच उठते. रोगट झाडाचा मुनवा दुसरीकडे लावला की रोग त्याच्याबरोबर जातो, आणि सुरुवातीला मुनवा दिसायला निरोगीच असतो. आमच्याकडे मुनवे मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. लेक सासरी गेली की पुढच्या हंगामात तिच्या मागोमाग माहेरचे मुनवेही जातात. प्रभाकरदादाच्या वाडीचा एक कोपरा तेव्हा पुरता बसला होता आणि त्याने स्वतःच्या हाताने शेजारच्या दोन वाड्यांना मुनवे दिलेले होते. मुनवा लावण्याआधीच त्यात बुरशी आहे की नाही हे डीएनएवरून सांगता आलं पाहिजे, असं कुमुदने ठरवलं. पुढची सगळी वर्षं तिने याच एका कामाला दिली.

त्यासाठी आधी गिरीजच्या बुरशीचा डीएनए वाचायला हवा होता. रोगट खोडातून तिने बुरशी वेगळी वाढवली होती. सबनीसांनी सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कोयत्याच्या पात्यासारखे वाकडे बीजाणू पाहून शिक्कामोर्तबही केलं होतं. पण डीएनए काढण्याआधीच संस्थेतली वीज बराच काळ गेली आणि ती वाढ मेली. मे महिना होता, कुमुद घरी आली होती आणि गिरीजलाही विजेचा भरवसा नव्हता. तिने त्याच बागेतल्या रोगट कंदाच्या पातळ चकत्या केल्या आणि उन्हात वाळवल्या. वाळलेल्या नमुन्यात डीएनए टिकतो, हे तिने वाचलेलं होतं. चकती किती जाड हवी, कोणत्या उन्हात घालायची आणि कधी उलटायची, हे तिला वाचावं लागलं नाही. पिकलेली राजेळी केळी सोलून, वाळवून आमच्या घरी दर वर्षी सुकेळी होतात; तिने चकत्या तशाच वाळवल्या. संस्थेत परतल्यावर त्या चकत्यांतून बुरशीच्या डीएनएचा एक तुकडा मिळाला. बुरशीची जात ओळखायला जगभर हाच तुकडा वापरतात. तो वाचून झाला आणि सबनीसांनी तो आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये नोंदवला. जगभरच्या प्रयोगशाळा आपण वाचलेले डीएनएचे क्रम या सामाईक कोठारात ठेवतात आणि ते कुणालाही पाहता, वापरता येतात. नोंद करणारे म्हणून सबनीसांचं नाव होतं, खाली कुमुदचं. जात: केळीच्या मर रोगाची बुरशी. ठिकाण: गिरीज, वसई.

त्या वेळी कोठारात तुलनेसाठी बुरश्यांच्या नोंदी थोड्याच होत्या. कुमुदच्या क्रमाचा मधला भाग इतरांशी जुळत होता, दोन्ही बाजूंचा जुळत नव्हता. सबनीसांनी त्याचा अर्थ, हा वसईचा वेगळा वाण आहे, असा लावला. शोधनिबंध छापून आला. कुमुदला डॉक्टरेट मिळाली, गिरीजला पेढे वाटले गेले. प्रभाकरदादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की रोग माझ्या वाडीला झाला आणि डॉक्टर ही झाली.

नंतरची काही वर्षं ती त्याच संस्थेत मुदतीच्या नेमणुकांवर होती. राज्यातल्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेने मुनव्यांची तपासणी तयार करायला घेतली आणि त्यासाठी कोठारातली गिरीजची नोंद वापरली. तपासणीत या क्रमाची बुरशी सापडली तर मुनवा रोगट, नाही तर लावायला योग्य. कुमुदला हवं होतं ते होत आलं होतं. त्या सुमारास, म्हणजे दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर, मर रोगाच्या बुरशीच्या अगदी जवळच्या नातलग बुरशीचा जीनोम, म्हणजे तिच्या सगळ्या डीएनएचं वाचन, त्याच कोठारात सर्वांसाठी खुलं झालं. कुमुदने आपला क्रम त्याच्याशी लावून पाहिला. वेगळा वाण म्हटला तरी थोडाफार फरक अपेक्षित होता. इथे तिचा क्रम त्या जीनोममध्ये बसतच नव्हता. मग तिने तो सबंध कोठाराशी ताडून पाहिला. मधल्या वर्षांत नोंदी पुष्कळ वाढल्या होत्या. तो तंतोतंत जुळला तो मिठागरांत आणि खारवलेल्या सुक्या मासळीवर वाढणाऱ्या एका बुरशीशी. केळीशी त्या बुरशीचा काही संबंध नाही.

त्या रविवारी ती विरारला माझ्या घरी आली. चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि मग म्हणाली, 'मी दहा वर्षं बोंबील घेऊन फिरतेय.' बोंबील कुठून आला, ते मात्र तिला अजून कळत नव्हतं. संस्थेत सुकी मासळी येण्याचा प्रश्नच नव्हता, सबनीसांना तिचा वासही चालत नसे. उलगडा दुसऱ्या दिवशी गिरीजला झाला. आमच्या मावशीच्या घरी वाळवणाच्या दोन चटया असतात. एकीवर फक्त सुकेळी. दुसरी मासळीची: पावसाळ्याआधी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून सुके बोंबील आणि करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, भरून ठेवायची असते, ती पुन्हा एकदा उन्हात द्यायची तर या चटईवर. दोन्हींची अदलाबदल त्या घरात कधी झालेली नाही. कुमुदने विचारलं, त्या वर्षी माझ्या चकत्या कशावर घातल्या होत्यास? मावशीला आठवायला वेळ लागला नाही.

'मासळीच्या.'

'मासळीच्या कशाला? त्या केळीच्या होत्या ना, आई.'

'केळीच्या असल्या तरी रोगाच्या. रोगाचा कंद मी सुकेळ्यांच्या चटईवर घालू? उद्या कोण खाईल?' मावशी म्हणाली. 'आणि तू तिथेच उभी होतीस. पुस्तकात डोकं घालून.'

मावशीचं बरोबर होतं. तिच्या हिशेबाने तिने स्वच्छ चटई वाचवली होती. मासळीच्या चटईवरची बुरशी चकत्यांवर चढली, त्या वाळत असताना वाढली आणि डीएनए काढताना खऱ्या बुरशीऐवजी तीच हाती आली. याचा अर्थ कुमुदला त्याच क्षणी स्पष्ट झाला. तयार होत असलेली तपासणी केळीच्या मुनव्यांमध्ये मासळीवरची बुरशी शोधणार होती. ती तिथे कधीच सापडणार नव्हती. प्रत्येक रोगट मुनवा निरोगी ठरून, वर तसा दाखला घेऊन नव्या बागेत जाणार होता.

तिने सबनीसांना सांगितलं. ते निवृत्तीला आले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि नोंद बदलायला नाही म्हणाले. कोठारात लाखो नोंदी आहेत, त्यांत चुकीच्या किती असतील याची कुणी गणती केलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय चटईची गोष्ट हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. कोठाराचा नियम असा की मूळ नोंद फक्त ती करणाऱ्यालाच बदलता येते. कुमुद स्वतः ती बदलू शकत नव्हती. तिने तपासणी तयार करणाऱ्या प्रयोगशाळेला कळवलं. त्यांचं उत्तर सौजन्याचं होतं: डॉ. सबनीसांच्या नावावरची, छापील निबंधाचा आधार असलेली नोंद जोवर उभी आहे, तोवर एका सहायक संशोधकाच्या सांगण्यावरून काम थांबवता येणार नाही. पुढच्या लागवडीआधी तपासणी वापरात आणायचा त्यांचा विचार होता. संस्थेतल्या सहकाऱ्यांनी तिला सल्ला दिला की थोडं थांब, कायम नेमणुकीची मुलाखत जवळ आली आहे, तो निबंध हेच तुझं भांडवल आहे. हे तिला न कळण्यासारखं नव्हतं. तिने मला सांगितलं की सरांना पुरावा हवा आहे, तर सरांचं चुकलेलं नाही. पुरावा नेते.

तिने सगळं पहिल्यापासून केलं. दादाच्या वाडीतून ताजं रोगट खोड घेतलं, या वेळी ओलंच संस्थेत नेलं. दादा वैतागला होता. आधी वसईचा वाण म्हणून गाजावाजा केलात, आता वसईची चूक म्हणून कराल, माझे मुनवे कोण घेईल, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, नाही घेतले तरच बरं. त्यानंतर आठवडाभर दोघांचं बोलणं मावशीमार्फत चाललं होतं. मासळीची चटई तिने खरवडली. मासळीवरची बुरशी मुळात कुठून येते हेही पाहायला हवं म्हणून ती पाचूबंदरला गेली. मी सोबत होतो. आमच्या घरी वर्षानुवर्षं मासळी देणारी फिलूबाय सुके बोंबील राखत बसली होती. कुमुद कापसाच्या काडीने बोंबील पुसून ती काडी नळीत घालते आहे, हे तिने थोडा वेळ पाहिलं.

'काय गो, आमच्या बोंबलाला सर्दी झाली?'

कुमुदने सांगितलं की बुरशी बघते आहे.

'बोंबलावर बुरशी हाय असं लिवलंस तर कोन घेनार मंग? तुझी आईस?'

'आई तर घेणारच. तिच्या चटईवर त्याच्यापेक्षा जास्त आहे,' कुमुद म्हणाली. फिलूबायने हसून तिला एक जुडी बांधून दिली आणि ही आईला दे, हिच्यावर काडी फिरवू नको, असं बजावलं.

सबनीस एव्हाना निवृत्त होऊन विरारला फ्लॅट घेऊन राहायला आले होते. संस्थेतला त्यांचा शेवटचा महिना ते कुमुदशी फारसं बोलले नव्हते. एका सकाळी ती त्यांच्याकडे गेली. बरोबर सूक्ष्मदर्शक होता. तो जड, म्हणून खोका उचलायला मी. सबनीसबाईंनी दार उघडलं आणि खोका पाहून टीव्ही दुरुस्तीवाले आलात का असं विचारलं. सर आतून म्हणाले, दुरुस्तीवालेच आहेत, येऊ दे. कुमुदने काहीही मांडणी केली नाही. जेवणाच्या टेबलावर खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक ठेवला, आरसा उजेडाकडे वळवला आणि आधी खोडातली बुरशी लावली. सबनीसांनी चष्मा काढून डोळा टेकवला. वाकडे कोयते आहेत, म्हणाले, माझीच आहे. मग तिने चटईवरची लावली. ते बराच वेळ पाहत राहिले. दोन बोटांनी काचपट्टी थोडी सरकवली, पुन्हा पाहिलं... बाईंनी चहा आणून ठेवला, तो निवला.

'यातली कुठली आपल्या नोंदीशी जुळते?' त्यांनी डोळा न उचलता विचारलं.

कुमुद म्हणाली, 'दुसरी, सर. चटईवरची. पूर्ण जुळते.'

'आणि पहिली?'

'नव्या जीनोमशी जुळते. तिचा क्रम मी परवा वाचून घेतला.'

सबनीस सरळ बसले. 'जन्मात अंडं खाल्लं नाही मी,' ते म्हणाले, 'आणि माझ्या नावावरच्या एकमेव शोधाला बोंबलाचा वास.' बाई हसल्या, मग कुमुदही हसली. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, या दुरुस्तीने निबंध मागे घ्यावा लागेल आणि तुझी मुलाखत तोंडावर आहे, हे तुझ्या लक्षात आहे ना? माझं काय, मी आता भाजी आणायला जातो. ती म्हणाली, 'लक्षात आहे सर. मुनवे पुढच्या लागवडीला जाणार आहेत, ते मुलाखतीसाठी थांबणार नाहीत.' सबनीसांनी आतला कॉम्प्युटर सुरू करायला सांगितला. दुरुस्तीचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि तिच्या सांगण्यावरून एक शब्द काढला. 'दूषित झाल्याची शक्यता' असं त्यांनी लिहिलं होतं. तिने 'शक्यता' काढायला लावलं.

पत्राची पोच आली. काही दिवसांनी कोठारातली नोंद बदलली गेली आणि कुमुदने खऱ्या बुरशीचा क्रम नवी नोंद म्हणून दाखल केला. निबंध मागे घेतला गेला. विद्यापीठाने प्रबंधातलं एक प्रकरण नव्याने लिहून घेतलं. पदवी कायम राहिली. मुलाखत ठरल्याप्रमाणे झाली. तिची निवड झाली नाही. कारण कळवण्यात आलं नाही. त्या वर्षीच्या जूनपासून ती वसईतल्या महाविद्यालयात शिकवायला लागली. या बदलाचं दुःख तिने केलं असेल तर ते कुणाला दिसलं नाही. घरापासून सायकलवर जाता येतं, हे ती पुन्हा पुन्हा सांगायची. मुंबईत असताना रोज परतायला रात्र व्हायची आणि वाडी फक्त रविवारी दिसायची. आता संध्याकाळी ती दादाबरोबर बागेतून फेरी मारायची आणि दोघांचे वाद पुन्हा थेट व्हायला लागले.

महाविद्यालयातली तिची खोली मागच्या जिन्याखाली आहे. विद्यार्थी नमुना घेऊन आला की तिचा पहिला प्रश्न जातीबद्दल नसायचा. कुठे ठेवला होतास, कशात गुंडाळलास, त्या पिशवीत आधी काय होतं, डब्यात पोळी होती की मासे, असं ती विचारत जायची. मुलं त्यामुळे कावायची. कळंबहून येणाऱ्या एका मुलीने एकदा तिला ऐकवलं की मॅडम, लग्नाचं स्थळ बघतानासुद्धा एवढं विचारत नाहीत. विचारायला हवं, असं उत्तर तिला मिळालं. या मुलांनी केलेल्या वसईतल्या बुरश्यांच्या नोंदी आता कोठारात आहेत. प्रत्येकीत नमुना कुठून घेतला, कसा वाळवला किंवा ओला आणला आणि कशावर ठेवला, हे लिहिलेलं आहे. तेवढं लिहायची सक्ती कोठार करत नाही. कुमुद करायची. कुणी माझ्याजवळ तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि मी ते तिला सांगितलं, तर ती कंटाळायची. यात कसला प्रामाणिकपणा, ती म्हणायची, चूक उघड्यावर होती म्हणून सापडली. माझ्या कपाटात असती तर अजून वसईचा वाण म्हणून मिरवत असते. सबनीस सर दर दिवाळीला गिरीजला फराळाला यायचे. मावशी त्यांना सुकेळी द्यायची आणि ती कोणत्या चटईवरची आहेत, हे ते दर वर्षी विचारून घ्यायचे. यंदा ते तिच्या दिवसांना आले. पायऱ्या चढायला त्यांना आधार लागला. ते ओसरीवर मावशीशेजारी बसले.

मुनव्यांची तपासणी ज्या प्रयोगशाळेत तयार होत होती, तिथे नोंद बदलल्यावर काम थांबवण्यात आलं आणि कुमुदच्या दुसऱ्या, खऱ्या क्रमावर ती नव्याने बांधली गेली. त्याला लागवडीचे दोन हंगाम लागले. गेल्या वर्षापासून ती वापरात आहे. या हंगामात गिरीजमधल्या ज्या वाड्यांनी मुनवे तपासायला दिले, त्यांचे निकाल तिच्या मृत्यूनंतरच्या आठवड्यात आले. दोन वाड्यांचे मुनवे रोगट निघाले. त्यांतली एक वाडी प्रभाकर राऊत यांची आहे. नात्यातल्या दोघांनी त्यांच्याकडे मुनवे मागितले होते. त्यांना नाही म्हणून कळवण्यात आलं. काढलेले मुनवे गेल्या रविवारी जाळले. त्या जागेत आता अळू लावलं आहे.